काटेरी झाड दिसलं म्हणजे लिव्हरचं औषध सापडलं, असं नाही



पावसाळा सरला की माळावर, बांधावर उटकटारी फुलते. काही गावांत तिला उंटकटारा म्हणतात. तिचाच फोटो लावून 'हेच मिल्क थिसल, काविळीवर रामबाण' असा मेसेज कुणी पाठवला, तर तो पुढे ढकलू नका. आमच्या मते अशा मेसेजमुळे माणसाच्या जिवाला आणि आपल्या मालाच्या नावाला, दोन्हींना धोका आहे.

🌿 *मिल्क थिसल:* मूळचं भूमध्य समुद्राकाठचं. जांभळं फूल, पानावर दूध सांडल्यासारख्या पांढऱ्या रेषा. औषधी भाग म्हणजे बी. त्यात सिलिमारिन असतं आणि त्यातला मुख्य घटक सिलिबिन. विषारी अळंबी खाल्लेल्या रुग्णांना युरोपात दवाखान्यात याचंच इंजेक्शन देतात. पण सिलिमारिन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणजे बी उकळून प्यायलं तरी पोटात फारसं काही जात नाही.

🌿 *उटकटारी:* फुलांचा गोल काटेरी चेंडू, पानाच्या खालून पांढरी लव. हिच्यात एकिनॉप्सिन हे अल्कलॉइड आणि एपिजेनिनसारखी फ्लेव्होनॉइड्स असतात. आयुर्वेदात मूळ वापरतात, लघवी साफ होण्यासाठी आणि शक्तीसाठी. म्हणजे गुणाची आहे, पण मिल्क थिसल नव्हे.

⚠️ *पिवळा धोतरा:* हाही काटेरी, पण फूल पिवळं आणि मोडला की पिवळा चीक. बी मोहरीसारखं काळं, तेलात सँग्विनारिन हे विष. 1998 मध्ये दिल्लीत या तेलाची भेसळ झालेलं मोहरीचं तेल खाऊन 60 हून जास्त माणसं दगावली.

कुणी म्हणेल, आजी-पणजी मुळी द्यायच्याच की! द्यायच्या, पण झाड ओळखून, बेतानं. फोटो बघून नव्हे.

*म्हणून एवढं करा:*
✅ कावीळ झाली तर आधी रक्त तपासा, डॉक्टरांना दाखवा. काढ्यात दिवस घालवू नका.
✅ गरोदर बाईला यातलं काहीही घरच्या घरी देऊ नका.
✅ व्यापारी मुळ्या किंवा बी मागत असेल, तर फुलासकट झाड कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. पावतीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव लिहून घ्या.
✅ मुळं काढताना सगळी झाडं उपटू नका, बियाला काही राखा.

चुकीच्या नावानं विकलेला माल एकदाच खपतो. त्यानंतर खरा मालही कुणी घेत नाही.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी