विश्लेषण : ‘फायझर’ आयर्लंडमध्येच का रमली?

आयर्लंडच्या दक्षिणेला, कॉर्कच्या बंदरालगत रिंगस्किडी हे छोटेसे गाव आहे. ‘व्हायग्रा’ या गोळीतील सिल्डेनाफिल हे मूळ औषधी द्रव्य अनेक वर्षे याच गावात तयार होऊन जगभर गेले. न्यूयॉर्कमध्ये मुख्यालय असलेल्या ‘फायझर’ने १९६९ मध्ये आयर्लंडची वाट धरली. पन्नासहून अधिक वर्षांनंतरही ही कंपनी तिथे टिकून आहे. ती केवळ करसवलतीमुळे टिकली, असे मानणे म्हणजे अर्धाच हिशेब मांडणे होय.

करसवलतीचा वाटा किती?

मोठाच. निर्यातीच्या नफ्यावर सवलत देण्याचे धोरण आयर्लंडने १९५० च्या दशकातच स्वीकारले. २००३ पासून तिथे कंपनी कर १२.५ टक्के झाला, तेव्हा अमेरिकेतील केंद्रीय दर ३५ टक्के होता. नव्या औषधाची किंमत कच्च्या मालावर कमी आणि पेटंटवर जास्त ठरते. त्यामुळे पेटंटचे हक्क व उत्पादन कमी कराच्या देशात ठेवले की नफ्याचा मोठा भागही तिथेच नोंदवता येतो.

मग कंपन्या टिकतात कशामुळे?

आयर्लंडने १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत केले. पुढे तंत्रशिक्षणाच्या संस्था उभारल्या. इंग्रजी बोलणारे कुशल तंत्रज्ञ मिळू लागले. १९७३ मध्ये युरोपीय समुदायाचे सदस्यत्व मिळाल्याने मोठी बाजारपेठ खुली झाली. शिवाय औषधाचा कारखाना रातोरात हलवता येत नाही. जागा बदलली की चाचण्या, तपासण्या आणि नियामकांची मंजुरी हे सारे नव्याने करावे लागते. त्यात वर्षे जातात.

फक्त सवलतीवर विसंबल्यास काय होते?

याचे उत्तर पोर्टो रिकोमध्ये सापडते. १९७६ च्या अमेरिकी करसवलतीमुळे या बेटावर औषध कारखान्यांची रांग लागली. १९९६ मध्ये ही सवलत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले आणि २००६ मध्ये ती संपली. उद्योग पूर्ण उठला नाही. पण कारखाने बंद पडले, हजारो रोजगार गेले.

आयर्लंडही निर्धास्त नाही. त्याच्या कंपनी कराचा निम्म्याहून अधिक भरणा जेमतेम दहा बड्या कंपन्यांकडून होतो. २०२४ पासून मोठ्या कंपन्यांसाठी किमान कर १५ टक्के झाला. औषधे मायदेशीच बनवा, असा अमेरिकेचा दबावही वाढतो आहे.

भारतासाठी धडा कोणता?

हिमाचल प्रदेशातील बद्दीला २००३ च्या औद्योगिक पॅकेजमधून अशाच सवलती मिळाल्या. सिप्ला, ग्लेनमार्क या मुंबईच्या कंपन्यांनीही तिथे कारखाने थाटले. तेव्हापासून राज्याराज्यांत सवलतींची चढाओढ दिसते. पण जास्त सवलत देणारे दुसरे राज्य कधीही पुढे येऊ शकते. प्रशिक्षित मनुष्यबळ, सांडपाण्यावरील प्रक्रिया, सक्षम औषध निरीक्षक आणि वेळेत मिळणारी मंजुरी यांची बरोबरी मात्र एका अर्थसंकल्पात करता येत नाही. सवलत कंपनीला दारापर्यंत आणते. तिने मुक्काम करावा, यासाठी घर आधी नीट बांधावे लागते. राज्यांनी खर्च करायचा तर तो या घरावर करावा.