चाळीस डुकरे आणि एक बुरूज

दिवाळी चार दिवसांवर आली की आमच्या इमारतीमागे किल्ला उभा राहू लागतो. विटांचे तुकडे, जुने गोणपाट, वर मातीचा लेप, त्यावर पेरलेले अळीव; वाचकांना हे नव्याने काय सांगायचे! यंदा माती आणून देण्याचे मी चिरंजीवांना कबूल केले होते, आणि त्या रविवारी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून स्वस्थ पहुडलो होतो. तेवढ्यात चिखलाचे हात घेऊन स्वारी समोर उभी राहिली.

"बाबा, सांगा ना, किल्ला घेतात कसा?"

"शिड्या लावतात, दरवाजावर ओंडक्याच्या धडका मारतात," मी वर्तमानपत्राआडूनच बोललो.

"आणि तट खूप जाड, खूप उंच असला तर?"

आता वर्तमानपत्र खाली ठेवणे भाग होते. कारण नेमक्या याच प्रश्नाने इंग्लंडच्या जॉन राजाला सात आठवडे सतावले होते.

गोष्ट १२१५ सालची. त्या जून महिन्यात सरदारांनी जॉनकडून मॅग्ना कार्टा ही हक्कांची सनद मान्य करून घेतली. पण सनदेची शाई वाळते न वाळते तोच दोन्ही पक्षांनी तलवारी उपसल्या. डोव्हरहून लंडनला जाणाऱ्या वाटेवर मेडवे नदीकाठी रॉचेस्टरचा किल्ला आहे. विल्यम डॉबिनी या सरदाराने तो बळकावला आणि ऑक्टोबरात जॉनने वेढा घातला.

बालेकिल्ला शंभर फुटांहून उंच, भिंती सुमारे १२ फूट जाड. शिड्या काय कामाच्या? जॉनने नदीवरचा पूल तोडून लंडनची वाट अडवली. पाच अवजड यंत्रे लावून रात्रंदिवस दगडांचा मारा केला. तरी शिबंदी हटेना. मग राजाने कुदळीवर भिस्त ठेवली. कँटरबरीला हुकूम गेला : रात्रंदिवस खपून मिळतील तेवढ्या कुदळी घडवा.

सुरुंग म्हटले की आपल्याला दारूचा धमाका आठवतो. पण त्या काळी तिथे बंदुकीची दारू नव्हती. बेलदार तटाखाली बोगदा खणीत, वरचा भार लाकडी टेकूंवर तोलून धरीत, शेवटी आत काटक्या भरून आग लावीत. टेकू जळाले की भिंत आपल्याच वजनाने खाली येई. शत्रूचे वजनच शत्रूवर उलटवायचे, अशी ही युक्ती! बाहेरचा तट असाच पाडला. मग बालेकिल्ल्याच्या एका कोपऱ्याखाली खणून झाल्यावर, २५ नोव्हेंबरला राजाने आपल्या न्यायमंत्र्याला पत्र धाडले : खाण्यास सर्वांत कमी योग्य अशी चाळीस लठ्ठ डुकरे ताबडतोब पाठवा. मेजवानी नव्हती हो, चरबी हवी होती! आग भडकली, टेकू जळाले आणि अख्खा कोपरा बुरुजासकट कोसळला.

"मग किल्ला घेतला!" चिरंजीव ओरडले.

नाही ना! बालेकिल्ल्याच्या मधोमध एक जाड भिंत होती. तिच्यामागे सरकून शिबंदी लढतच राहिली. दाणागोटा संपला, तेव्हा आपले मोलाचे घोडे मारून खाल्ले. अखेर ३० नोव्हेंबरला, भुकेपुढे, त्यांनी हात टेकले. जॉन सर्वांनाच फाशी देणार होता. पण आज आपण यांना लटकावले तर उद्या ते आपल्याला लटकावतील, असे त्याच्याच एका सरदाराने बजावले. फास बसला तो एकाच तिरंदाजाला. राजानेच त्याला लहानपणापासून वाढवले होते.

"पण त्यांच्या मदतीला कोणीच आलं नाही?"

निघाले होते. तुम्हाला वेढा पडला तर धावून येऊ, अशी शपथ लंडनच्या सरदारांनी घेतली होती. ते अर्ध्या वाटेवर डार्टफर्डपर्यंत आले आणि मागे फिरले. समोरून फक्त मंद वारा येत होता, असा टोमणा त्या काळच्या एका बखरकाराने मारून ठेवला आहे. परत जाऊन ते फासे खेळत आणि पीत बसले, असेही तो सांगतो.

पडलेला बुरूज पुढे जॉनच्या मुलाच्या, तिसऱ्या हेन्रीच्या, कारकिर्दीत पुन्हा बांधला, तो मात्र गोल. कोपराच नाही, तर पोखरणार काय? आजही रॉचेस्टरला तीन बुरूज चौकोनी आणि एक गोल दिसतो.

लोक म्हणतात, किल्ले यंत्रांनी पडतात. मला वाटते, रॉचेस्टर कुदळीने खिळखिळा झाला, भुकेने पडला, आणि त्या भुकेला वाट करून दिली ती अर्ध्या रस्त्यातून परतलेल्या मित्रांनी.

गोष्ट संपली. चिरंजीव माझ्याकडे आणि माझ्या मांडीवरच्या वर्तमानपत्राकडे आळीपाळीने पाहत होते.

"बाबा, माती?"

वाचकहो, मी निमूटपणे उठलो, घमेले उचलले आणि डार्टफर्ड ओलांडले.