हिवाळ्यातील किनारी मासळी : जाळ्यापुढची जबाबदारी

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून कोकणातील होड्या पाण्यात उतरतात. किनाऱ्यालगतच्या मासेमारीला खरे स्थैर्य मात्र त्यानंतर काही आठवड्यांनी, नैर्ऋत्य मोसमी वारे माघारी फिरल्यावर येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात लाटांची उंची उतरते, नद्यांच्या गढूळ पाण्याचा लोंढा थांबतो आणि रात्री-पहाटे जमिनीवरून समुद्राकडे कोरडे मतलई वारे वाहू लागतात. उत्तर अरबी समुद्रात ईशान्येकडील थंड, कोरड्या हवेने पृष्ठभागाचे पाणी गार व जड होऊन खाली जाते, तळाकडील पोषक द्रव्ये वर येतात आणि प्लवकांची वाढ होते. लहान होडीच्या मच्छीमारासाठी वर्षातील हे सर्वांत भरवशाचे महिने होत. हा भरवसा पूर्ण नसतो, कारण आखाती प्रदेशातील जोरदार उत्तरी वाऱ्यांनी उठलेल्या लांब लाटा याच दिवसांत पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचतात. तरीही वर्षाच्या मिळकतीचा मोठा आधार याच हंगामावर असतो.

या हंगामाची चर्चा बहुधा जाळ्यापाशी सुरू होते आणि जाळ्यापाशीच संपते. पर्ससीन नौकांची घुसखोरी, प्रखर प्रकाशझोतातील मासेमारी, लहान पिल्लांची पकड हे प्रश्न गंभीर आहेत. त्यांच्यासाठी महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ आहे, २०२१ मध्ये त्यात केलेल्या कठोर सुधारणा आहेत आणि कृत्रिम प्रकाशातील मासेमारीवर केंद्र शासनाने २०१७ मध्ये घातलेली बंदी आहे. अंमलबजावणीबद्दल मतभेद असले तरी विषय पटलावर आहे. मासळी किनाऱ्याला लागल्यानंतर वाळवणीवर आणि साठवणीत तिचे काय होते, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला आहे. त्याचे उत्तर मत्स्यशास्त्राइतकेच कीटकशास्त्राकडे आणि म्हणून कृषी विस्तार यंत्रणेकडे आहे.

बोंबलाचे उदाहरण यासाठी पुरेसे बोलके आहे. सातपाटी, अर्नाळा, वसई, उत्तन, मढ, वर्सोवा या पट्ट्यात बोंबील डोलजाळ्यात सापडतो. खुंटाला किंवा नांगराला बांधलेले हे पिशवीसारखे जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहावर चालते. मुंबई परिसरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळीतील फरक ४ मीटरच्या वर जातो. दक्षिणेकडे सिंधुदुर्गापर्यंत तो बराच कमी होतो. म्हणूनच डोलजाळे उत्तर कोकणात रुजले, तर मालवणच्या बाजूला किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची रापण टिकून राहिली. उधाणाला प्रवाह जोरकस असतो आणि जाळी भरतात. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंदावतो आणि पकड उतरते. त्यामुळे माल रोज सारखा येत नाही, एकदम येतो. ताज्या बाजारात न खपणारा बोंबील त्याच दिवशी वाळवणीला जावा लागतो, कारण त्याच्या शरीरात ८५ ते ९० टक्के पाणी असते आणि तो काही तासांतच मऊ पडतो.

येथे एक साधा हिशेब मांडणे उपयुक्त ठरेल. १ किलो ताज्या बोंबलात ८८ टक्के पाणी धरले, तर घन पदार्थ उरतो १२० ग्रॅम. १५ टक्के ओलावा ठेवून तो वाळवला, तर सुका बोंबील होतो सुमारे १४० ग्रॅम. म्हणजेच १ किलो सुक्या बोंबलामागे सुमारे ७ किलो ताजी मासळी, तिच्यासाठी जाळलेले डिझेल, वापरलेला बर्फ आणि खर्ची पडलेले श्रम उभे असतात. कोठारात किडीने १ किलो सुका बोंबील निकामी केला, की समुद्रातून काढलेली ७ किलो मासळी वाया जाते. मत्स्यसाठ्यावरील ताणाची काळजी करणाऱ्यांनी हा हिशेब नजरेआड करणे योग्य नाही.

नुकसान करणारे कीटक दोन टप्प्यांत येतात. पहिला टप्पा ओल्या मासळीचा. क्रायसोमिया व ल्युसिलिया या प्रजातींच्या निळ्या-हिरव्या चकचकीत माश्या कल्ले, तोंड, पोटाची चीर अशा ओलसर, सावलीच्या जागी पुंजक्याने अंडी घालतात. उबदार हवेत एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात आणि मांसात शिरतात. उत्तर भारतातील कडक थंडीत या माश्यांचा उपद्रव थंडावतो. कोकणच्या सौम्य हिवाळ्यात तो पूर्ण थांबत नाही. दुसरा टप्पा मासळी सुकल्यानंतरचा. डर्मेस्टिस प्रजातीचे भुंगेरे आणि त्यांच्या केसाळ अळ्या सुके मांस पोखरतात व शेवटी काटे आणि भुसा तेवढा मागे ठेवतात. प्राण्यांचे सांगाडे स्वच्छ करण्यासाठी संग्रहालये याच भुंगेऱ्यांचा उपयोग करून घेतात, यावरून त्यांच्या क्षमतेची कल्पना यावी. त्यांच्या जोडीला नेक्रोबिया रुफिपेस हा लाल पायांचा, निळसर झळाळीचा भुंगेरा असतो.

कृषी विस्तार कार्यकर्त्याला ही मंडळी परकी नाहीत. गव्हाच्या कोठारातील खापरा भुंगेरा हा डर्मेस्टिसच्याच कुळातला. रेशीम कोषांना भोके पाडणाऱ्या किडींत डर्मेस्टिसचा समावेश होतो, तर नेक्रोबिया हीच नारळ बागायतदाराच्या खोबऱ्यातील ओळखीची कीड आहे. धान्य, कोष आणि खोबरे यांसाठी शिफारशी, प्रात्यक्षिके व घडीपत्रिका आहेत. तीच कीड सुक्या बोंबलात शिरली, की तो विषय दुसऱ्या खात्याचा ठरतो. ही विभागणी प्रशासनाने केलेली आहे. किडीला ती ठाऊक नाही.

हिवाळ्याचे महत्त्व येथे अधोरेखित होते. सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानात डर्मेस्टिसची एक पिढी साधारण ५ ते ७ आठवड्यांत पूर्ण होते; तापमान २० अंशांकडे उतरले की वाढ फार मंदावते. डिसेंबरात भरलेल्या पोत्यात थोड्या अळ्या असल्या तरी त्या डोळ्यांत भरत नाहीत. मार्चनंतर उष्मा वाढतो आणि आगोटीच्या खरेदीपर्यंत दोन-तीन पिढ्या सहज होऊन जातात. एका मादीमागे प्रत्येक पिढीत केवळ १० माद्या जगल्या असे धरले, तरी तिसऱ्या पिढीत त्यांची संख्या १,००० होते. पावसाळ्याच्या तोंडावर दिसणारा उपद्रव प्रत्यक्षात हिवाळ्यातच पेरलेला असतो. नियंत्रणाचा सर्वांत स्वस्त क्षणही म्हणून हिवाळाच होय.

या क्षणी काय करावे, याचे उत्तर बरेचसे कोळीवाड्यांतच आहे. बांबूच्या वलांडीवर दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी टांगण्याची पद्धत कीडनियंत्रणाच्या दृष्टीने अत्यंत शहाणपणाची आहे. मासळी जमिनीपासून उंच राहते, चहूबाजूंनी वारा लागतो, पृष्ठभाग लवकर कोरडा होतो आणि माशीच्या अंड्यांना हवा असलेला ओलावा टिकत नाही. बिघाड होतो तो ही पद्धत मोडते तेथे. वाळवणीच्या मोकळ्या जागांवर बांधकामांचा दाब आला, की मासळी जमिनीवर, रस्त्याच्या कडेला, दाट थरांत पसरली जाते. वाळवणीची जागा राखणे ही म्हणूनच कीडनियंत्रणाची पहिली शिफारस ठरते. ती कोणत्याही फवारणीपेक्षा अधिक परिणामकारक आहे.

त्यानंतरची पावले साधी आहेत. जवळ्यासारखी बारीक मासळी वाळूवर न पसरता उंच मांडणीवर ताणलेल्या जाळीवर पातळ थरात वाळवावी. टाकाऊ मासळी व आतडी वाळवणीशेजारी पडू देऊ नयेत, कारण माश्यांची पैदास तेथेच होते. पहाटेच्या दवापासून अर्धवट सुकलेला माल झाकावा. डर्मेस्टिसची पूर्ण वाढलेली अळी कोषावस्थेसाठी लाकडात व बांबूत भोके पाडून बसते. म्हणून साठवणीच्या खोलीतील फळ्या, फटी व जुनी पोती नवा माल येण्यापूर्वी स्वच्छ करून उन्हात तापवावीत. जुना व नवा माल एकत्र ठेवू नये. ५० अंशांच्या वरच्या उष्णतेत या किडीच्या अवस्था फार काळ तग धरत नाहीत, त्यामुळे सौर वाळवणी यंत्रातून माल पुन्हा एकदा काढून हवाबंद पिशवीत भरणे हा उत्तम उपाय आहे. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने अशी यंत्रे विकसित केली आहेत आणि २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत काढणीपश्चात सुविधांसाठी साहाय्याची तरतूद आहे.

मिठाबाबत मात्र सरसकट सल्ला देणे चुकीचे ठरेल. मांसातील मिठाचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असले, की बहुतेक डर्मेस्टिस अळ्यांची वाढ खुंटते. खारा बांगडा किंवा खारी सुरमई यांना हे लागू पडते. बोंबलाचा ग्राहक मात्र तो बिनमिठाचाच मागतो. ‘मीठ लावा’ एवढे सांगून निघून जाणाऱ्या कार्यकर्त्यावर कोळी महिलेने विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा करता येत नाही. वाळवण आणि विक्री या दोन्हींची सूत्रे बहुतांशी तिच्याच हाती असल्याने प्रशिक्षणाचे निमंत्रण, वेळ व भाषा तिच्या सोयीची असली पाहिजे. नौकामालकांच्या सभेत दिलेले व्याख्यान वलांडीपर्यंत पोहोचत नाही.

सर्वांत नाजूक मुद्दा कीटकनाशकांचा आहे. सुक्या मासळीवर माश्या-भुंगेरे येऊ नयेत म्हणून घरगुती वा शेतीतील कीटकनाशक मारण्याचा मोह अनेक देशांत आढळला आहे आणि आपला किनारा त्याला अपवाद असेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. कीटकनाशक अधिनियम, १९६८ नुसार औषधाचा वापर लेबलवरील शिफारशीपुरताच करायचा असतो; शेतातील फवारणीच्या बाटलीवर सुक्या मासळीचे नाव नसते. डायक्लोरव्हॉससारखे एके काळी सर्रास मिळणारे औषध देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले आहे. भाजीवर फवारणीनंतर काढणीपर्यंत प्रतीक्षाकाळ असतो. वाळलेल्या मासळीवर पडलेल्या औषधाला असा अवकाश मिळत नाही. ते मेदात मुरते आणि ताटात येते. कापूस व भाजीपाल्यातील अवाजवी फवारणीविरुद्ध बोलणाऱ्या यंत्रणेने येथे मौन बाळगणे सुसंगत नाही.

हा किनाऱ्यापुरता प्रश्न आहे, असा आक्षेप घेतला जाईल. वस्तुस्थिती निराळी आहे. सुका बोंबील आणि सुकट विदर्भ-मराठवाड्याच्या आठवडी बाजारांत विकली जातात. ताजी मासळी न पोहोचणाऱ्या गावांत शेतमजुराच्या भाकरीसोबतचे ते स्वस्त प्रथिन आहे. कोकणातील शेतकरी तर आगोटीला सुक्या मासळीचा साठा करूनच भातलावणीला उतरतो. शिवाय त्याच गोदामातून, त्याच वाहनातून आणि कधी त्याच पोत्यांतून धान्यही फिरते. भुंगेऱ्याला गाव बदलण्यासाठी एवढी सोय पुरते.

दुसरा आक्षेप असा, की यासाठी वेगळी यंत्रणा व निधी लागेल. तोही पूर्णतः खरा नाही. ग्रामीण कृषि मौसम सेवेचा सल्ला मंगळवारी व शुक्रवारी प्रसृत होतो. ओखी चक्रीवादळाच्या प्रभावाने डिसेंबर २०१७ च्या आरंभी आणि पुन्हा डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत कोकणात अवेळी पाऊस झाला. अशा प्रत्येक वेळी आंब्याच्या मोहोराची चिंता जशी रास्त असते, तशीच वलांडीवरील मासळीचीही असते. एका पावसाने अर्धवट सुकलेला माल पुन्हा ओला होतो आणि माश्यांना निमंत्रण मिळते. पाऊस, दव, आर्द्रता व वारा यांच्या अंदाजासोबत ‘आज मासळी वाळत घालावी किंवा नाही’ अशा चार ओळी किनारी जिल्ह्यांच्या सल्ल्यात घालण्यासाठी नवे खाते लागत नाही. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची व लाटांची माहिती मच्छीमारांना मिळतेच. तिला वाळवणीच्या हवामानाची जोड द्यावयाची आहे. कोसबाड, रोहा, लांजा व किर्लोस येथील कृषी विज्ञान केंद्रांत पीकसंरक्षणाचे ज्ञान आहे, रत्नागिरीजवळील शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात मासळी प्रक्रियेचे ज्ञान आहे. या दोघांनी डिसेंबरात एका वाळवणीवर एकत्र उभे राहावे, एवढीच मागणी आहे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज व विमा यांतील सवलतींवर त्यानंतर भरपूर चर्चा झाली आणि ती आवश्यकच होती. कृषीचा दर्जा म्हणजे कृषी संशोधनाची व विस्ताराची सेवा मिळण्याचाही हक्क, हा त्याचा दुसरा अर्थ अद्याप किनाऱ्यावर उतरलेला नाही. येत्या हिवाळ्यात प्रत्येक किनारी तालुक्यात निदान एका वाळवणीवर महिन्यातून एकदा किडींचे सर्वेक्षण व्हावे, साठवणीच्या खोलीत गंध-सापळे लावावेत आणि नोंदी मच्छीमार सहकारी संस्थेच्या फळ्यावर मराठीत लिहिल्या जाव्यात. कपाशीतील गुलाबी बोंडअळीसाठी ही पद्धत विस्तार कार्यकर्त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. सुक्या बोंबलासाठी तीच वापरली, तर पुढील आगोटीला गोणी उघडणाऱ्या घरात भुसा न निघता मासळी निघेल.