भूल नवी, भूलतज्ज्ञ कुठे?

शस्त्रक्रियेचे श्रेय शल्यविशारदाला मिळते. रुग्णाचा श्वास मात्र त्या वेळी भूलतज्ज्ञाच्या हाती असतो. भुलीच्या नव्या औषधांचा शोध जगभर सुरू आहे. त्याचा लाभ नाशिक शहराची वेस ओलांडून पेठ, सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यांपर्यंत पोहोचणार का, हा खरा प्रश्न आहे.

१९८० च्या दशकात आलेल्या प्रोपोफॉलमुळे भूल चटकन लागू आणि उतरू लागली. मात्र हे औषध रक्तदाब घटवते, श्वसन मंदावते आणि त्यावर उतारा नाही. त्याला पर्याय ठरू शकणाऱ्या रेमिमॅझोलामला २०२० मध्ये जपान आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. शरीरात त्याचे विघटन झपाट्याने होते, रक्तदाब तुलनेने कमी घसरतो आणि गरज भासल्यास फ्लुमाझेनिलने त्याचा अंमल उतरवता येतो.

संशोधनाची ही दिशा स्वागतार्ह असली, तरी सुरक्षितता केवळ औषधाच्या कुपीत नसते. प्राणवायू, पल्स ऑक्सिमीटर आणि श्वासनलिकेत नळी घालू शकणारा कुशल हात नसेल, तर नवे औषधही जुन्याइतकेच धोक्याचे ठरते.

केटामाइनचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. १९७० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध श्वसन व रक्तदाब सहसा टिकवून ठेवते आणि महागड्या यंत्राविना देता येते. नशेसाठी गैरवापर होऊ लागल्याने भारताने २०१३ मध्ये त्याचा समावेश ‘शेड्यूल एक्स’मध्ये केला. मात्र २०१५ मध्ये चीनने आंतरराष्ट्रीय निर्बंधांचा प्रस्ताव मांडला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने त्यास विरोध दर्शविला. गरीब देशांतील अनेक रुग्णालयांत दुसरा पर्यायच नाही, हे त्यामागील कारण होते.

तज्ज्ञांची उणीव भरून काढण्यासाठी एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूल देण्याचे १८ आठवड्यांचे प्रशिक्षण राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात सुरू झाले. राज्यभरातील वैद्यकीय शिक्षणाची सूत्रे सांभाळणाऱ्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. ग्रामीण रुग्णालयांना भूलतज्ज्ञ मिळवून देण्याच्या प्रयत्नांत या विद्यापीठाने पुढाकार घेणे म्हणूनच अगत्याचे आहे. मध्यरात्री अडलेल्या बाळंतिणीला घाटरस्त्याने नाशिक गाठावे लागणार असेल, तर जपान-अमेरिकेत मान्यता मिळालेल्या औषधाचे तिला काय अप्रूप?