कठड्यावरची खूण

वऱ्हाडात समुद्र नाही. मग समुद्रकिनाऱ्याच्या छायाचित्रांशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु अकोल्याची मोर्णा पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. काठ आपल्यालाही आहे. त्यावर नेमाने नजर ठेवणारे मात्र थोडे.

२०१७ साली सिडनीत न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी साधा उपाय योजला. किनाऱ्यावर उंच जागी खांब रोवून त्यावर मोबाइल टेकविण्याची खोबण बसविली. येणाऱ्याजाणाऱ्याने तीत फोन ठेवून छायाचित्र घ्यावे व वेळेसह पाठवावे, एवढेच काम. चौकट तीच राहते, म्हणून किनारा किती सरकला हे मोजता येते. ‘कोस्टस्नॅप’ नावाची ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली.

आपल्याकडे छायाचित्रांचा तुटवडा नाही. जानेवारी २०१८ मध्ये अकोलेकर मोर्णेतील जलपर्णी काढावयास उतरले. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याची दखल घेतली. मी तेव्हा शाळेत होतो. माझ्या त्या दिवसाच्या छायाचित्रात मी आहे, फावडे आहे. नदी मात्र कोठेच नाही! आज त्यावरून पात्राची स्थिती कशी सांगावी?

छायाचित्राने नदी स्वच्छ होते काय, हा आक्षेप रास्त आहे. नाही होत. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, त्याची छायाचित्रे देशभर पोहोचली. परंतु कारण कळले ते पाण्याचे नमुने तपासल्यावरच : खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव. छायाचित्र उत्तर देत नाही. ते प्रश्न तारखेसह नोंदवून ठेवते. उपसलेली जलपर्णी सांडपाण्यावर पुन्हा फोफावते. ती केव्हा परतली, यावर वाद घालण्यापेक्षा बारा महिन्यांची बारा चित्रे शेजारी शेजारी ठेवणे बरे.

यासाठी खांबाचाही खर्च नको. पुलाच्या कठड्यावर रंगाची एक खूण पुरे. दर महिन्याच्या एक तारखेला, ठरल्या वेळी, पाळीपाळीने एका विद्यार्थ्याने तेथे फोन टेकवावा. चौकटीत माणूस नको, नदी हवी. तारखेची नोंद ग्रंथालयातील वहीत व्हावी. अमरावतीच्या मित्रांनी वडाळी तलावाच्या काठी हेच करावे.

आम्ही तीन वर्षांत येथून जाऊ, वही राहील. पुढील अंकात माझ्या लेखाऐवजी ती बारा छायाचित्रे छापली गेली, तर मला अधिक आनंद होईल.