अशिलाला कळू द्या!

इंदूरला जाणारा मराठी माणूस खजरान्याच्या गणपतीचे दर्शन घेतल्यावाचून सहसा परतत नाही. देवी अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेल्या या देवस्थानात बुधवारी भाविकांची रीघ लागते. मंदिराच्या मागील भिंतीवर उलटे स्वस्तिक काढून नवस बोलायचा आणि तो फळाला आला की पुन्हा येऊन सरळ स्वस्तिक काढायचे, अशी तेथील प्रथा आहे. त्या भिंतीपुढे हात जोडणाऱ्यांत कोर्टकचेरीने गांजलेली माणसे थोडी नसतील. कोणाचा भूखंड अडकलेला, कोणाची वाटणी रखडलेली. खटल्याचा निकाल देवावर सोपविणे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. परंतु खटला ज्याच्या हाती द्यावयाचा, त्या वकिलाची निवडही नवसावरच सोडावी लागावी, हे कायद्याच्या राज्याला शोभणारे नाही.

वस्तुतः कायद्याने या बाबतीत काहीच केलेले नाही, असे म्हणता येणार नाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने वकिलांच्या गैरवर्तनाची चौकशी राज्य बार कौन्सिलच्या तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे सोपविली आहे. आरोप सिद्ध झाल्यास समिती वकिलाला ताकीद देऊ शकते, ठरावीक मुदतीपुरते निलंबित करू शकते किंवा सनदी वकिलांच्या सूचीतून त्याचे नाव कायमचे काढून टाकू शकते. निलंबित वकिलाला त्या मुदतीत देशातील कोणत्याही न्यायालयात उभे राहता येत नाही. इतकेच नव्हे, तर अधिनियमाच्या ४१ व्या कलमानुसार ताकीद वा निलंबनाची नोंद त्या वकिलाच्या नावापुढे सूचीत व्हावी लागते आणि निलंबित वा बडतर्फ वकिलाचे सनदपत्र परत घ्यावे लागते. म्हणजे नोंद आहे. ती ठेवण्याची सक्तीही आहे. मात्र ती अशिलाच्या नजरेस पडेल अशी उघडी मांडा, असे हे कलम सांगत नाही. सूचीची प्रत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे गेली पाहिजे, हे कायदा सांगतो. वकीलपत्रावर अंगठा उठविणाऱ्यापर्यंत ती कशी पोहोचावी, याविषयी तो मौन बाळगतो. ज्याच्या हितासाठी नोंद, त्याच्यापासूनच ती दूर, असा हा प्रकार आहे.

हा प्रश्न आज विशेष निकडीचा झाला आहे. वकिलाच्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक मंचाकडे दाद मागता येते, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ मध्ये दिला होता. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. वकील अशिलाच्या सूचनांनी बांधलेला असतो, त्याच्या कामावर अशिलाचे बरेचसे नियंत्रण असते. म्हणून हा वैयक्तिक सेवेचा करार होय आणि तो ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, अशी न्यायालयाची विचारसरणी आहे. निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा लावण्याचा मार्ग मोकळा आहे, हे खरे. पण एका वकिलाने बुडविलेला माणूस दुसरा वकील करून वर्षानुवर्षे दावा लढवील, ही अपेक्षा किती जणांच्या बाबतीत खरी ठरणार? आम्ही निर्णयाशी वाद घालीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, अशील जर वकिलाचा नियंत्रक असेल, तर नियंत्रकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून कसे चालेल? ग्राहक मंचाचे दार बंद झाल्यावर बार कौन्सिलचे दफ्तर अधिक उघडे व्हावयास हवे.

खुद्द मध्य प्रदेशातीलच एक प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. एका सहकारी बँकेचे काम पाहणाऱ्या वकिलाने फी थकल्याचे कारण पुढे करून बँकेच्या खटल्यांची कागदपत्रे अडवून ठेवली. १९९४ मध्ये राज्य बार कौन्सिलकडे तक्रार झाली. अशी तक्रार एका वर्षात निकालात काढावी, न निघाल्यास ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जावी, असा कायदा आहे. वर्ष सरले आणि प्रकरण दिल्लीला गेले. तेथे वकिलाला अठरा महिन्यांची व्यवसायबंदी झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दोष कायम ठेवला, परंतु शिक्षा ताकिदीवर आणली. मात्र फी थकली तरी अशिलाचे कागद अडवून ठेवण्याचा वकिलाला हक्क नाही, हे तत्त्व निःसंदिग्धपणे सांगितले. खजरान्यातील किती पक्षकारांना आपला हा अधिकार ठाऊक असेल? शिस्तभंगाचे निकाल प्रसिद्ध होण्याने केवळ दोषी वकील कळतो असे नाही. अशिलाला आपले हक्कही कळतात.

यावर वकीलवर्गाचा आक्षेप ठरलेला आहे. खटला हरलेला पक्षकार रागाच्या भरात तक्रार करतो. अशी प्रत्येक तक्रार चव्हाट्यावर आणली तर प्रामाणिक वकिलाची अब्रू राहील काय? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच तक्रार आणि शिक्षा यांत भेद केला पाहिजे. प्रसिद्ध व्हावी ती सिद्ध दोषाची नोंद. अपील चालू असल्यास तसे तीत लिहावे आणि निर्णय फिरल्यास तीही तात्काळ सुधारावी. तमिळनाडूतील एका प्रकरणात राज्य कौन्सिलने दिलेले सहा वर्षांचे निलंबन बार कौन्सिल ऑफ इंडियाने एका वर्षावर आणले आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलाला त्या शिक्षेऐवजी गरिबांसाठी विधिसाहाय्याचे काम करावयास लावले. अशी सर्व पायऱ्यांची नोंद एकत्र वाचली, तरच ती न्याय्य ठरते.

अशिलानेही अशी नोंद वाचताना तारतम्य सोडता कामा नये. एकदा ताकीद मिळालेला वकील जन्माचा अपात्र नव्हे आणि कोरी पाटी हे सचोटीचे प्रमाणपत्रही नव्हे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात कोणीही वकिलाचे नाव घालून त्याची शिस्तविषयक नोंद संकेतस्थळावर पाहू शकतो. तरीही टॉम जिरार्डी या नामांकित वकिलाची नोंद वर्षानुवर्षे स्वच्छ दिसत राहिली. त्याची सनद २०२२ मध्ये गेली. त्याच वर्षी तेथील स्टेट बारने कबूल केले की, चार दशकांत त्याच्याविरुद्ध २०५ तक्रारी आल्या होत्या. अशिलांचे पैसे लुबाडल्याबद्दल २०२४ मध्ये तो दोषी ठरला. चौकशी करणाराच डोळे मिटून बसला तर उघडी वहीदेखील खोटे बोलते, हा त्याचा धडा. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्य बार कौन्सिलांना तक्रारी वर्षाच्या आत निकाली काढण्याची आठवण करून दिली, ती याचसाठी महत्त्वाची. वेळेवर निकाल नाही, तर नोंद नाही. आणि नोंद नाही, तर सावधगिरीची सूचनाही नाही.

गोमंतकीय वाचकांनी हा दूर माळव्यातील प्रश्न समजू नये. खजरान्याच्या पक्षकाराला जबलपूरकडे पाहावे लागते, तर काणकोणच्या पक्षकाराला मुंबईकडे; कारण गोव्यातील वकील महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या अखत्यारीत येतात. मुंडकाराचा दावा असो की वडिलार्जित मालमत्तेची वाटणी, घरादाराचे कागद वकिलाच्या हाती देणारा माणूस येथेही तितकाच परावलंबी असतो.

तेव्हा आमची मागणी माफक आहे. प्रत्येक राज्य बार कौन्सिलने सिद्ध शिक्षांची नोंद, निकालाच्या सारांशासह आणि अपिलाच्या स्थितीसह, राज्यभाषेत आपल्या संकेतस्थळावर व जिल्हा न्यायालयांच्या फलकांवर लावावी. प्रलंबित तक्रारींची संख्या दरवर्षी जाहीर करावी. तोवर नागरिकांनी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा आधार घ्यावा. संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली संस्था त्यातून सुटू शकत नाही. सचोटीने वकिली करणाऱ्या बहुसंख्यांना या प्रकाशाचे भय वाटण्याचे कारण नाही. किंबहुना मूठभरांमुळे सर्वांवर येणारा संशय त्यानेच दूर होईल.

खजरान्याच्या भिंतीवर खटल्यासाठी उलटे स्वस्तिक कोणी खुशाल काढावे. पण वकीलपत्रावर सही करताना त्याच्या मनात नवसापेक्षा माहिती अधिक असावी.