आधी उशी, मग जिद्द

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा एक पोरगा सैन्यात गेला आणि तिथे मुष्टियुद्ध खेळू लागला. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्याच्या अंगात गोळ्या घुसल्या, त्यातली एक मणक्यात रुतली. कमरेखालचं शरीर लुळं पडलं. सात वर्षांनी, १९७२ मध्ये, जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्याच मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक पटकावलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडावं लागलं आणि घरोघरी नाव पोचायला २०२४ चा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट.

अशी गोष्ट हाती आली की आपल्याकडे मथळा ठरलेला असतो: जिद्दीला सलाम. पेटकरांच्या जिद्दीबद्दल वाद घालायचं कारणच नाही. पण गोळी आणि पदक यांच्या मधली सात वर्षं जरा सावकाश पाहिली तर तिथे बरीच गर्दी दिसते. मुंबईतलं नौदलाचं अश्विनी रुग्णालय आहे, पोहायला सुचवणारे उपचारतज्ज्ञ आहेत, उतरता येईल असा तलाव आहे, परदेशी जाण्यासाठी मदत करणारे क्रिकेटपटू विजय मर्चंट आहेत. हे सगळं वजा करून उरणारी जिद्द इस्लामपूरच्या घरात खाटेवर पडून राहिली असती. तशी पडून राहिलेली माणसं आपल्या आजूबाजूला आहेत. त्यांच्यावर मथळे होत नाहीत, एवढंच.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत मज्जारज्जूला इजा झालेला माणूस फार दिवसांचा सोबती नाही, असं डॉक्टरही धरून चालत. मरण बहुतेकदा पाठीवरच्या चिघळलेल्या जखमांतून नाहीतर लघवीच्या जंतुसंसर्गातून यायचं. नाझी जर्मनीतून १९३९ मध्ये इंग्लंडला निसटलेल्या लुडविग गुटमान या ज्यू डॉक्टरकडे १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल रुग्णालयातला मणक्याच्या रुग्णांचा विभाग आला. त्यांची शिस्त फार साधी आणि फार जाचक होती: प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, मध्यरात्रीसुद्धा. रुग्ण जगू लागले. मग जगणाऱ्यांनी दिवसभर करायचं काय, हा प्रश्न उभा राहिला आणि गुटमान यांनी त्यांच्या हातात चेंडू आणि धनुष्यबाण दिले. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होत होतं, त्याच दिवशी रुग्णालयाच्या हिरवळीवर व्हीलचेअरवर बसलेल्या १६ जणांनी तिरंदाजीची स्पर्धा खेळली. बारा वर्षांनी रोममध्ये २३ देशांचे ४०० खेळाडू जमले. पॅरालिम्पिकचा उगम असा कूस बदलण्याच्या वेळापत्रकात आहे.

बाहेरच्या माणसाला मज्जारज्जूच्या इजेतले फक्त न चालणारे पाय दिसतात. ज्याला भोगावं लागतं त्याच्या लेखी पाय हा त्यातला सोपा भाग असतो. बसून बसून अंग अवघडलं की आपण नकळत सरकतो, कारण दुखल्याचा निरोप मेंदूपर्यंत जातो. इथे तो निरोपच पोचत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, बुडाखाली हवेची किंवा जेलची उशी ठेवायची. एक दिवस हलगर्जीपणा झाला तर बेडसोअर, आणि तो भरून यायला कधी कधी महिने. लघवीसाठी साधारण दर चार ते सहा तासांनी कॅथेटर. इजा मणक्यात वरच्या बाजूला असेल तर तिच्याखालच्या अंगाला घाम येत नाही, त्यामुळे चंद्रपूरच्या मे महिन्यात शरीर निवायची सोयच उरत नाही. थंडीत शेकोटीपाशी पाय भाजला तरी तो वासावरून कळायचा. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असेल तर नुसतं मूत्राशय तुंबल्यानेही रक्तदाब धोकादायक चढू शकतो.

ही यादी घाबरवण्यासाठी नाही. डोंगरावर जाणाऱ्याने दोर, बूट आणि हवामान पाहावं, तसं हे पाहायचं असतं. फरक इतकाच की इतरांची मोहीम पायथ्यापासून सुरू होते, व्हीलचेअरवरच्या माणसाची स्वच्छतागृहाच्या दारापासून. दार अरुंद असलं तर मोहीम तिथेच संपते. बाहेर जायचं म्हणून सकाळपासून पाणीच न पिणं हा अनेकांचा नेहमीचा तोडगा, आणि मग जंतुसंसर्ग ठरलेला.

साहसाची ओढ मात्र मणक्याच्या परवानगीने येत नाही. मेजर एच. पी. एस. अहलुवालिया २९ मे १९६५ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे होते. भारताच्या पहिल्या यशस्वी मोहिमेतले ते एक. त्याच वर्षी युद्धाच्या धामधुमीत गोळी मणक्याला लागली आणि पुढचं आयुष्य व्हीलचेअरवर गेलं. उपचारांसाठी ते गेले स्टोक मँडव्हिललाच. तिथे जे पाहिलं ते इथे असायला हवं, या ध्यासातून पुढे दिल्लीत इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभं राहिलं. १९९४ मध्ये मध्य आशियातल्या रेशीम मार्गावर गेलेल्या मोटार मोहिमेचं नेतृत्वही त्यांनी केलं. एव्हरेस्ट चढलेल्या माणसाने पुढची हौस अशी भागवली आणि सोबत हजारोंसाठी रुग्णालयही उभं केलं. मुंबईच्या केतना मेहता यांचा अपघात पॅराग्लायडिंगमधला. त्यांनी २००१ मध्ये नीना फाउंडेशन सुरू केलं, ते मणक्याला इजा झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी. पुण्यात खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून जखमी जवानांना सांभाळतं आहे. तिथे खेळ आहेत, चित्रकला आहे, आणि मुख्य म्हणजे दारं रुंद आहेत.

दीपा मलिक यांची गोष्ट याच्या पुढची. १९९९ मध्ये मणक्यातल्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर छातीखालचं शरीर निकामी झालं. नवरा लष्करात. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला राहत असताना त्यांनी रेस्तराँ चालवलं, पोहणं सुरू केलं, पुढे यमुनेच्या प्रवाहाविरुद्धही पोहल्या. छातीखाली तापमानाचं भान नसलेलं शरीर घेऊन २००९ मध्ये त्यांनी ‘रेड द हिमालय’ ही मोटार रॅली केली: आठ दिवस, १७०० किलोमीटर, शून्याखालची थंडी. २०१६ मध्ये रिओ पॅरालिम्पिकमध्ये ४.६१ मीटर गोळा फेकून रौप्यपदकही आणलं. पण हातांनी चालवायच्या गाडीतून रॅलीत उतरण्याचा परवाना मिळवायला त्यांना १९ महिने खेटे घालावे लागले. हिमालयातली कुठलीही खिंड त्यांना इतका वेळ अडवू शकली नाही.

सलाम ठोकण्यातली सोय इथे लक्षात येते. सलामाला पैसे पडत नाहीत, फाइल हलवावी लागत नाही. सत्कार झाला, शाल-श्रीफळ दिलं, आणि सत्काराच्या व्यासपीठाला चार पायऱ्या आहेत म्हणून सत्कारमूर्तीला उचलून वर नेलं, हे दृश्य महाराष्ट्रात कुणाला नवं आहे? दिव्यांग हक्क कायदा २०१६ पासून आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रातुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला ठणकावलं की सुगम्यतेचे निकष शिफारशीपुरते ठेवून चालणार नाहीत, काही किमान गोष्टी बंधनकारक कराव्याच लागतील. त्या किमान गोष्टींत साहसी असं काही नाही. उतार, कठडा, रुंद दार, उंच न ठेवलेलं बटण. महापालिकेच्या जलतरण तलावात उभ्या लोखंडी शिडीऐवजी उतरता पट्टा किंवा साधी लिफ्ट असली, तर त्या गावातला पेटकर निदान पाण्यापर्यंत पोचेल. पुढे तो विक्रम करो वा नुसता डुंबो, तो त्याचा प्रश्न.

सगळ्यांनी हिमालयात जावं असं थोडंच आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दीड कोटीहून अधिक माणसं मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत. त्यातल्या बहुतेकांना शर्यत नको असते, रविवारचा बाजार हवा असतो, भाचीचं लग्न हवं असतं, नाटकाच्या प्रयोगाला मधल्या वाटेत अडचण न होता बसायला जागा हवी असते. आणि कित्येकांचा एव्हरेस्ट घराच्या जिन्यातच आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारा तरुण महिन्यातून एकदा, दवाखान्याच्या तारखेला, खाली येतो. चार शेजारी खुर्चीसकट उचलतात, वळणावर एकमेकांना ओरडून सांभाळतात, खाली आल्यावर धापा टाकतात. रिक्षावाला व्हीलचेअरची घडी घालून मागे दोरीने बांधतो. तपासणी अर्ध्या तासात आटोपते. मग तो रिक्षावाल्याला म्हणतो, जरा लांबच्या रस्त्याने घ्या.